समासातले अक्षर

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी दिवसभरात लिहिलेल्या शब्दांची मोजदाद करत बसले होते. नव्या कोर्सच्या सेल्स पेजचा मजकूर, नाव नोंदवणाऱ्यांना क्रमाने जाणारे सात ईमेल, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ या मथळ्याखालची चौदा उत्तरे, पैसे परत मागणाऱ्या एका ग्राहकाला दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेले समजुतीचे पत्र आणि पुढच्या आठवड्यात टाकायच्या पाच पोस्ट. सगळे मिळून चार हजारांवर शब्द भरले. मनगट दुखत होते, डोळे चुरचुरत होते, आणि तरीही आज पुष्कळ लिहून झाले असे भरगच्च समाधान मनात होते. लॅपटॉप मिटता मिटता स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या एका फाइलकडे लक्ष गेले. माझ्या आत्याच्या हस्ताक्षरावर मी एक लेख लिहायला घेतला होता, त्याचा तो मसुदा होता. फाइल शेवटची उघडल्याची तारीख सात आठवड्यांपूर्वीची होती.

वेळ मिळत नाही म्हणून लेखन राहते, असे आपण सगळेच म्हणतो आणि त्यात खोटे काही नसते. परंतु वेळेअभावी राहिलेले लेखन माणसाला टोचत राहते. गर्दीत उभे असताना एखादे वाक्य सुचते, घरी पोहोचेपर्यंत ते निसटते आणि त्याची चुटपुट लागते. त्या सात आठवड्यांत मला अशी चुटपुट एकदाही लागली नव्हती, आणि त्या रात्री मी हादरले ती त्यामुळे. मला लिहावेसेच वाटले नव्हते. दिवसभर मी शब्दांतच तर वावरत होते. वाक्ये जुळवत होते, विशेषणे खोडत होते, परिच्छेद वर-खाली करत होते. लिहिताना हात, डोळे आणि डोके जे जे करतात ते सारे चालू होते, त्यामुळे आतल्या लेखिकेची अशी समजूत झाली होती की तिचे काम व्यवस्थित चालले आहे. अवेळी काहीबाही खाल्ले की भूक मोडते, तसे काहीसे झाले होते.

लेखन सांभाळून ऑनलाइन व्यवसाय उभा करू पाहणारी माणसे भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात: उत्साह कसा टिकवता? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते, की उत्साह विहिरीतल्या पाण्यासारखा आहे आणि उपसला की संपतो. म्हणून मग भिंतीवर ध्येये चिकटवली जातात, पहाटेचे गजर लावले जातात, यशस्वी माणसांची भाषणे कानात घालून व्यायाम केला जातो. हे सगळे मी करून पाहिले आहे. भाषणांचा परिणाम साधारण दुपारपर्यंत टिकतो. माझ्या अनुभवात व्यवसाय करणाऱ्या लेखकाचा उत्साह फारसा आटत नाही; तो दुसऱ्याच पाटाने वाहू लागतो, आणि पाट कुठे फुटला आहे ते शोधायचे सोडून आपण विहीर खोल करत बसतो.

मी लेखिका आधी होते आणि व्यवसायात नंतर शिरले, तेही लेखनासाठीच. नोकरीत दिवसाचा सगळा उजेड जायचा आणि लेखनाच्या वाट्याला दमलेली रात्र यायची. लेखन शिकवणारे कोर्स, इतरांच्या हस्तलिखितांचे संपादन आणि काही डिजिटल वर्कबुक यांतून पुरेसे पैसे मिळाले, तर अर्धा दिवस स्वतःच्या लेखनाला देता येईल, असा माझा हिशेब होता. कागदावर तो बिनचूक होता. व्यवसायाला अर्धा दिवस ही कल्पनाच मान्य नसते, एवढे मात्र त्यात धरलेले नव्हते. पेमेंट गेटवे अडतो तो रात्रीच. पैसे कापले जातात, कोर्सची लिंक पोहोचत नाही आणि घाबरलेल्या ग्राहकाचा मेल येतो. एखादे प्लगिन अपडेट होते आणि काही फोनांवर चेकआउटचे बटणच दिसेनासे होते. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, बॅकअप, कराची विवरणपत्रे, सकाळी विचारलेल्या शंकेला दुपारपर्यंत उत्तर न मिळाल्याने रुसलेला विद्यार्थी, या प्रत्येकाला हाक मारता येते. अर्धवट राहिलेल्या लेखाला आवाज नसतो. तो दार वाजवत नाही, आठवण करून देणारा मेल पाठवत नाही, आणि तो लिहिला नाही म्हणून कोणाचेही काही अडत नाही.

हाकेला ओ देऊन लगेच परत यावे म्हटले, तर तेही साधत नाही. एका दुपारी मी असेच परताव्याचे एक पत्र लिहिले. तक्रार रास्त होती, पत्राला वीस मिनिटे लागली, पैसे परत गेले, विषय मिटला. त्यानंतर आत्याच्या लेखाची फाइल उघडली आणि पाऊण तास एकाच परिच्छेदापाशी घुटमळत राहिले. ‘तिच्या अक्षराला घाई ठाऊक नव्हती’ हे वाक्य डोळ्यांसमोर होते आणि डोक्यात ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ घोळत होते. कार्यालयीन वर्तनाच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या अवस्थेला लक्षाचा अवशेष अशा अर्थाचे नाव दिले आहे. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो, आणि ते काम मनातून नीट मिटलेले नसेल तर जास्तच. माझ्या बाबतीत त्या अवशेषाला स्वतःचा सूरही असतो. दिलगिरीचा सूर, आर्जवाचा सूर, ‘केवळ मर्यादित जागा’ असे बजावणारा सूर. तो एकदा कानात बसला की त्यानंतर लिहिलेले प्रत्येक वाक्य त्याच पट्टीत उमटते.

यापेक्षा मोठी फूट आकड्यांच्या बाजूला होती. नवा कोर्स विक्रीला काढला की पहिल्या आठवड्यात माझा अंगठा स्वतंत्र प्राण्यासारखा वागू लागे. स्क्रीन खाली ओढायची, ते छोटे वर्तुळ क्षणभर फिरते, आणि मग आकडा उमटतो. बहुतेक वेळा तो मघाचाच असतो. एखाद्या वेळी एकाने वाढलेला असतो, आणि तेवढ्यासाठी पुढच्या वीस वेळा अंगठा खाली येतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कितव्या चोचीला दाणा पडेल हे अनिश्चित ठेवले, की कबुतर सर्वांत चिकाटीने चोच मारत राहते, असे त्यांत दिसून आले होते. विक्रीचे आकडे दाखवणारे हे पान, म्हणजे डॅशबोर्ड, तयार करणाऱ्यांच्या मनात कबुतरे होती की नव्हती, तो भाग वेगळा. माझ्या अंगठ्याला त्याने फरक पडत नव्हता. लेखनाचे फळही अनिश्चितच असते, परंतु ते सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी पडते, किंवा पडतच नाही. दर काही मिनिटांनी दाणा पडण्याची शक्यता असलेल्या ठिकाणावरून उठून, वर्षातून एकदा पडला तर पडेल अशा ठिकाणी जाऊन बसायला मनाला सांगणे हे मोठेच धाडस आहे. मन ते ऐकत नाही यात मला आता त्याचा दोष दिसत नाही.

आकडा पाहून लिहायला बसले तर नेमके काय बिघडते, याविषयी मला एक जुना प्रयोग महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी ७२ लिहित्या तरुणांना हाताशी धरून केलेला हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आधी एक छोटी कविता लिहिली. मग एका गटाला लेखनामागच्या बाहेरच्या कारणांची, म्हणजे पैसा, नाव, इतरांची शाबासकी अशांची यादी देऊन ती महत्त्वानुसार लावायला सांगितले. दुसऱ्या गटाला लिहिण्यातला आनंद, स्वतःला नेमके मांडल्याचे समाधान अशी आतली कारणे दिली. आणि तिसऱ्या गटाला यादीच दिली नाही. त्यानंतर सर्वांनी दुसरी कविता लिहिली, आणि कोणती कविता कोणत्या गटातली हे ठाऊक नसलेल्या कवींनी त्या तपासल्या. पैसा आणि नाव यांचा काही मिनिटे विचार करून लिहिणाऱ्यांच्या कविता स्पष्टपणे फिक्या निघाल्या. मला अधिक अर्थपूर्ण वाटते ती दुसरी बाजू. ज्यांनी आनंदाची कारणे क्रमाने लावली त्यांच्या कविता यादी न मिळालेल्यांपेक्षा जेमतेमच उजव्या होत्या. याचा मी माझ्यापुरता अर्थ असा लावते, की लिहिणाऱ्याला लिहिण्यासाठी चेतवावे लागत नाही, बसण्यापूर्वी त्याच्यापुढे दुसरा हिशेब मांडला नाही तरी पुरते. माझ्या त्या सगळ्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या व्यर्थ होत्या, आणि लिहायला बसण्यापूर्वी सकाळी सहज टाकलेली डॅशबोर्डवरची एक नजर मात्र महागात पडत होती.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी पैशाला अपवित्र ठरवते आहे. तसे नाही, आणि असे सोवळे पाळणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो, कारण त्यांचे घर बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर चाललेले असते. स्वतःचा व्यवसाय लेखकाला काय देऊ शकतो याचे उत्तम उदाहरण इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ यांचे आहे. १९१७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी छपाईचे एक लहानसे हातयंत्र विकत घेतले, ते घरातल्या जेवणाच्या खोलीत बसवले आणि होगार्थ प्रेस सुरू केली. वूल्फ स्वतः खिळे जुळवायच्या, टी. एस. एलियट यांच्या एका दीर्घ कवितेच्या १९२३ मधल्या आवृत्तीचे खिळे त्यांनीच जुळवले होते. खिळे जुळवायचे म्हणजे एकेक उलटे अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवायचे, आणि छापून झाल्यावर पुन्हा एकेक काढून आपापल्या कप्प्यात टाकायचे. त्यांच्या आधीच्या दोन कादंबऱ्या सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेने काढल्या होत्या. १९२२ पासून मात्र त्यांच्या कादंबऱ्या त्यांच्या स्वतःच्या प्रेसमधून निघू लागल्या, आणि त्यानंतरचे त्यांचे लेखन कोणत्याही संपादकाच्या होकाराची वाट न पाहता हवे ते वळण घेत गेले. व्यवसायाने दिलेली ही मोकळीक होती. किंमतही होतीच. लोकांची हस्तलिखिते वाचणे, पार्सले बांधणे, हिशेब आणि माणसांच्या कटकटी यांना त्या वैतागत असत, आणि १९३८ मध्ये त्यांनी आपला हिस्सा जॉन लेहमन यांना विकून टाकला. वीसएक वर्षे त्यांनी दोन्ही केले. त्या दोन्हींतला एक फरक मला मोलाचा वाटतो: खिळे जुळवताना हात अडकतात, परंतु वाक्य घडवणारी जागा मोकळी राहते. माझ्या व्यवसायात नेमकी तीच जागा दिवसभर भाड्याने दिलेली असते.

हे उमगल्यावर मी कामांची वाटणी बदलली. व्यवसायातल्या कामांत दोन जाती आहेत. काही कामांत शब्द लागतात आणि काहींत लागत नाहीत. व्हिडिओ कापणे, पावत्या जुळवणे, लिंक तपासणे, फाइलींना धड नावे देणे ही खिळे जुळवण्यासारखी कामे आहेत. ती करून उठले की लिहायला मन ताजे असते, किंबहुना थोडे वखवखलेलेच असते. विक्रीचा मजकूर आणि ग्राहकांची पत्रे ही दुसऱ्या जातीची, आणि ती आता मी आठवड्यातल्या दोन ठरावीक दिवसांत कोंबते. त्या दोन दिवशी स्वतःचे लेखन होईल अशी अपेक्षाच ठेवत नाही. ग्राहक थोडे थांबतात. थांबत नाहीत असे जे वाटे, ते बरेचसे माझ्याच भीतीचे होते.

सकाळच्या तासाविषयी सगळेच सांगतात, म्हणून मी फार सांगत नाही. फक्त एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे गृहस्थ १८३४ पासून १८६७ पर्यंत ब्रिटनच्या टपाल खात्यात नोकरीला होते. चॅनेल बेटांवर १८५२ मध्ये रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या टपालपेट्या त्यांच्याच सूचनेचे फळ. नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द स्वतःकडून वसूल करत. आयुष्यात त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. निधनानंतर, १८८३ मध्ये त्यांचे आत्मकथन निघाले. त्यात हे घड्याळ आणि प्रत्येक पुस्तकाने मिळवून दिलेली रक्कम असा दोन्हींचा चोख हिशेब होता, आणि लेखनाला दैवी देणगी मानणाऱ्यांना तो रुचला नाही. त्यांच्याविषयी बोलताना लोक घड्याळापाशीच थांबतात. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र माझ्या अधिक कामी आली. पहाटेच्या लेखनाच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात घालवत, आणि ते वाचणे म्हणजे मुख्यतः शब्दांचा नाद कानाने तोलून पाहणे असे.

कानाचा हा उपाय मी उचलला आणि तो लागू पडला. सकाळी उठल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, वायफाय बंद करायचे, आणि आदल्या दिवशीची दोन पाने मोठ्याने वाचायची. विक्रीचा सूर घुसला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र लगेच कळतो, कारण वाचताना आवाज आपोआप चढतो. एकदा असेच आत्याचा लेख वाचत शेवटपर्यंत आले, तर शेवटचा परिच्छेद असा निघाला: ‘हस्ताक्षर हा मनाचा आरसा आहे. पत्रलेखनाने नाती घट्ट होतात, एकाग्रता वाढते आणि ताण कमी होतो. मग वाट कसली पाहता? आजच आपल्या जिवलगाला एक पत्र लिहा!’ उद्गारचिन्हासकट. मी एकटीच होते तरी लाजले. आत्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, आणि मी तिच्या अक्षरांचे फायदे मुद्देसूद सांगून वाचकाला बटण दाबायला लावत होते.

विक्रीच्या लेखनाने केवळ नुकसान केले असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. वाचक समोर बसला आहे, त्याला कामे आहेत आणि तो कोणत्याही क्षणी उठून जाईल, हे मला सेल्स पेजने शिकवले. त्याआधी मी तीन-तीन परिच्छेद घसा खाकरण्यात घालवत असे. जे पान चालत नाही ते का चालत नाही हे तटस्थपणे पाहायची सवयही तिथलीच. वाईट सवय एकच लागली, आणि ती खोल रुजली: प्रत्येक परिच्छेदाने वाचकाकडून काहीतरी मिळवलेच पाहिजे. चांगल्या ललित लेखात असे कितीतरी परिच्छेद असतात जे कोणाकडे काहीच मागत नाहीत, नुसते असतात. अशा परिच्छेदांवर विश्वास ठेवायला मला पुन्हा शिकावे लागले.

म्हणून एक नियम केला, की काही लेखन विकायचे नाही आणि विकायला जुंपायचेही नाही. त्याच्याखाली कोर्सची लिंक नाही, नावनोंदणीचा चौकोन नाही, कीवर्ड पाहून बदललेला मथळा नाही. व्यवसायात मला वेळोवेळी सल्ला देणाऱ्या एका स्नेह्याने हे ऐकून कपाळावर हात मारला. त्याचे म्हणणे असे, की दुकानाच्या मधोमध एक कपाट रिकामे ठेवून वर त्याचे भाडे भरण्यासारखे हे आहे. त्याचा हिशेब बरोबर आहे, आणि मी तो खोडून काढायचा प्रयत्नही केला नाही. काही माणसे त्या लेखांतून पुढे कोर्सकडे येतात, असे मागाहून दिसून आले. पण ते मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितले की तोही डावपेच ठरतो आणि मग माझाच हात लिहिताना तिकडे पाहू लागेल.

एवढी सगळी घडी बसवल्यानंतर एका वर्षी ती पार विस्कटली. एका शोधयंत्राने आपली क्रमवारीची पद्धत बदलली आणि माझ्याकडे शोधातून येणारी माणसे पंधरवड्यात निम्म्याहून कमी झाली. मी काही चुकीचे केले नव्हते. निदान काय चुकले हे सांगायला कोणी नव्हते. व्यवसायाचा बराच भाग मी दुसऱ्याच्या जागेत थाटला होता आणि मालकाने भिंत हलवली, इतकेच. त्यानंतर अकरा आठवडे मी एक ओळही लिहिली नाही. सकाळी फोन दुसऱ्या खोलीत असायचा, वायफाय बंद असायचे, मी मोठ्याने वाचायचे, आणि वाचता वाचता पुढच्या महिन्याचे हप्ते मोजू लागायचे. भीती बसलेली असताना कानाचे उपाय चालत नाहीत. हे इतक्या उघडपणे लिहिते आहे, कारण हालअपेष्टांतूनच मोठे लेखन जन्मते असे सांगणाऱ्यांना मी पूर्वी मान डोलवत असे. कोणाचे तसे जन्मत असेल. माझे त्या अकरा आठवड्यांत जन्मले नाही.

मला त्यातून बाहेर काढले ते अगदी गद्य गोष्टींनी. एका संस्थेचे संपादनाचे ठरावीक मासिक काम घेतले, त्यात कमीपणा वाटून घेतला नाही. शोधावर विसंबणे कमी करून ज्यांनी आपणहून ईमेल दिला आहे त्यांच्याशीच मुख्यतः बोलायचे ठरवले, कारण ती यादी माझ्याजवळ राहते. उद्या ईमेल पाठवणारी सेवा बदलली तरी यादी घेऊन उठता येते. कोर्सची संख्या सातावरून तीनवर आणली. आणि सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवायला लागले. तो साठायला दोन वर्षे लागली. प्रेरणेवरच्या भाषणात बचतखात्याचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही, परंतु माझ्या लेखनाला त्या खात्याइतका आधार कोणत्याही सुविचाराने दिलेला नाही. पैसे बाजूला पडले आहेत हे ठाऊक असले, की सकाळी मोठ्याने वाचताना आवाज आपोआप खाली राहतो.

अजून एक सवय राहिली सांगायची. रात्री उठताना वाक्य पूर्ण करायचे नाही. पूर्वी मी परिच्छेद संपवून, पूर्णविराम देऊन समाधानाने उठत असे, आणि दुसऱ्या दिवशी त्या पूर्णविरामापुढे भिंतीपुढे बसावे तशी बसत असे. आता पुढे काय येणार हे नक्की माहीत असते, अशाच ठिकाणी थांबते, कधी क्रियापदाच्या अलीकडे. सुरुवातीला हे अंगावर येते. नीटनेटकेपणाची सवय असलेल्या माणसाला अर्धे वाक्य उघडे टाकून झोपणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे. पण सकाळी डॅशबोर्डची ओढ जितकी जोरकस असते, तितकीच त्या अर्ध्या वाक्याचीही असते, आणि कधी कधी तेवढ्यावर पारडे फिरते.

परवा नव्या वर्कबुकच्या विक्रीचा तिसरा दिवस होता. पहिल्या दोन दिवसांचे आकडे बरे नव्हते, आणि आदल्या रात्री उशिरा मी दरात सवलत द्यावी की नाही यावर स्वतःशीच वाद घालून दमले होते. सकाळी फोन पलीकडच्या खोलीत होता. तो लाकडी फळीवर दोनदा थरथरल्याचा आवाज आला. विक्री झाली असेल, किंवा पैसे परत मागणारा कोणी असेल. फाइल उघडली. आत्याचा लेख इतक्या वर्षांत तीनदा पहिल्यापासून लिहून झाला आहे आणि अजून संपलेला नाही. रात्री सोडलेले वाक्य असे होते: ‘कागद संपत आला की आत्या’. मी आधीची दोन पाने मोठ्याने वाचली, आणि वाचण्याच्याच ओघात ते पुढे नेले: कागद संपत आला की आत्या दुसरा कागद घ्यायची नाही, ती होता तोच कागद आडवा फिरवायची आणि समासात, आधीच्या ओळींना काटकोन करून, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहीत राहायची, त्यामुळे पत्र आले की आम्हाला ते चारी बाजूंनी फिरवून वाचावे लागे, आणि मधला सगळा मजकूर ख्यालीखुशालीचा असला तरी खरी बातमी बहुधा त्या समासातच सापडे.